लेझन

राजारामपुरीत आठव्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर
पत्र्याच्या खोलीत आमचा जर्मनचा वर्ग.
आम्ही अकराजणी नर्स
आणि उद्यमनगरातला एक टर्नर, इलाही मुजावर.
तेरदाळे सरांनी फळ्यावर लिहिलं: लेझन.
"लेझीम काय सर?" मुजावर म्हणाला,
मागच्या बाकानं किल्ल्यांचे जुडगे वाजवले.

सर हसले नाहीत. खडू झटकला.
"लेझन म्हणजे वाचणे. आत्ता.
आधी म्हणजे वेचणे.
रानात सांडलेली कणसं, झाडाखालची फळं,
डाळीतले खडे.
अजून तिकडं द्राक्षं उतरवायच्या सुगीला
'वाइनलेझ' म्हणतात.
अक्षरं फार उशिरा आली त्यांच्यात.
आली तेव्हा नवं क्रियापद कोण घडवत बसतंय?
वेचायच्याच हातानं उचलली.
लॅटिनवाल्यांनीही तेच केलं होतं, त्यांचं बघून असंल.
आणि कुणी सांगतं,
काटक्यांवर खुणा करून पांढऱ्या कापडावर फेकायचे,
एकेक वेचायची, कौल लावायचा,
तिथनं आलं.
खरं-खोटं कुणाला ठाऊक. परीक्षेला येत नाही."

मी वहीत लिहिलं: वेच.
खाली लिहिलं: वाच.
मात्रा उतरवली, काना लावला, एवढंच.
सरांना दाखवलं.
"योगायोग," ते म्हणाले, "यात काही शोधू नकोस."

मी शोधत नव्हते.
मला शिरोलीतला तो ढीग दिसत होता,
फाउंड्रीमागचा, जळक्या वाळूचा,
ओढ्यापर्यंत उतरलेला काळा डोंगर,
आणि त्यावर उकिडवी माझी आई, बनाक्का,
फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
वाळूवरनं फिरवणारी.
ओतताना उडालेले लोखंडाचे थेंब
चिकटतात त्याला, मुंग्यांसारखे.
ती ते अंगठ्यानं खरवडून घमेल्यात टाकते.
"ही वाळू परवाची," सांगते.
"ही आतनं गरम हाय अजून.
हिच्यात काय न्हाई, तिघीजणी फिरून गेल्यात."
त्याच अंगठ्याचा ठसा
माझ्या कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर.

त्याआधी कापशीच्या माळावर, दुसऱ्याच्या रानात,
भुईमुगाचा सरवा वेचायची. मी पाठीला.
मालकाच्या हातनं जे वाचलं ते आमचं.
तेव्हापासून घरात वाचणे म्हणजे उरणे.
सातव्या महिन्यात जन्मून
मीही तशीच वाचले, म्हणे.

केएमटीच्या खिडकीशी घोकत आले:
ईश लेझ, डू लीस्ट, झी लीस्ट.
काल: लास.
होऊन गेलं की: गेलेझन.
उसाची ट्रॉली आडवी आलेली, मळीचा वास,
कंडक्टरनं दोनदा तिकीट मागितलं.

रात्री आईला सांगितलं सगळं.
काटक्या, द्राक्षं, पांढरं कापड.
ती भाकरी थापत होती.
"म्हंजे तिकडं मी करते त्याला आणि तू करतीस त्याला
एकच शब्द?"
"व्हय."
"मग पगार बी एकच असंल."

जेवल्यावर मी कागद पसरले,
तिकडच्या वृद्धाश्रमाचा करार, सोळा पानं,
कुणाला किती वाजता अंघोळ, कुणाला कसं कूस बदलायचं,
दोन वर्षं सोडून जाता येणार नाही.
चौथ्या पानावर एका लांब शब्दाशी मी अडकले.
वाक्याच्या टोकाशी पोचेपर्यंत सुरुवात निसटायची.
आईनं पदराला हात पुसले,
कोपऱ्यातलं चुंबक काढलं
आणि सुतळी धरून, अगदी हळू,
माझ्या कागदांवरनं फिरवलं.

टक्.
डाव्या कोपऱ्यातली पिन चिकटली.
सोळाच्या सोळा पानं अधांतरी उचलली,
क्षणभर लोंबकळली आमच्या दोघींच्या मधे.

"हं," ती म्हणाली,
"माझं झालं वाचून.
तू जा."

मग अंगठ्यानं पिनेवरनं चुंबक सोडवलं,
सवयीनं,
घमेल्यात टाकायचं काहीच नव्हतं
तरी हात घमेल्याकडं गेला.